गावातल्या वाचनालयात आंतरराष्ट्रीय घडामोडींवर व्याख्यान कसे ठेवावे

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर जानेवारीला व्याख्यानमाला होते. पूर्वी तिच्यात संतसाहित्य, आरोग्य, शिवकाल, कथाकथन आणि ‘तरुणांनो, यशस्वी व्हा’ या छापाचे एक पुष्प ठरलेले असे. आंतरराष्ट्रीय राजकारणावर कोणाला तरी बोलवू या असे सुचवले, की कार्यकारिणीतले अर्धे सभासद ‘लोक येणार नाहीत’ म्हणत आणि उरलेले अर्धे ‘आले तर भांडतील’ म्हणत. पुढे आम्ही अशी व्याख्याने ठेवू लागलो. लोक आले, आणि दोन-तीनदा भांडलेही. त्या अनुभवातून जे हाती लागले ते, असा कार्यक्रम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या वाचनालयासाठी, महाविद्यालयातल्या मंडळासाठी किंवा निवृत्तांच्या संघासाठी येथे क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. संध्याकाळी जेवणाआधी व्याख्यानाला जायचे ही सवय मराठी माणसाला नव्याने लावावी लागत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि तिच्या धर्तीवरच्या माला गावोगावी अजून चालू आहेत. त्यामुळे वेगळी संस्था, वेगळे नाव, वेगळा लोगो या भानगडीत न पडता चालू मालेतले एक पुष्प मागून घ्यावे.

विषय देशाच्या नावाने ठरवू नये

‘रशिया-युक्रेन युद्ध’ किंवा ‘चीनचे आव्हान’ असे पत्रिकेवर छापले, की वक्ता १९१७ पासून सुरुवात करतो आणि वेळ संपेपर्यंत जेमतेम १९९१ला पोहोचतो. श्रोत्यांना जे विचारायचे असते ते राहूनच जाते. म्हणून विषय प्रश्नाच्या रूपात ठरवावा, आणि तो प्रश्न शक्यतो आपल्या गावाच्या वेशीतून बाहेर पडणारा असावा.

नाशिक जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षे शीत कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरातून रॉटरडॅमला जातात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जहाजे नेली. प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला हे दहा दिवस म्हणजे काय, हे त्या भागातल्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. ‘आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून का गेली?’ एवढाच विषय पत्रिकेवर छापला, तरी त्याच्या पोटात गाझा, इराण, येमेनची यादवी, सुएझ कालवा, जहाजांचा विमा आणि भारतीय नौदलाची गस्त हे सगळे येते. आणि ते ऐकायला असा माणूसही येतो, जो ‘पश्चिम आशियातील भूराजकीय समीकरणे’ या विषयाला कधीच आला नसता.

कोकणात हापूस पुरेसा आहे. फळमाशी सापडल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली होती, आणि पुढच्या वर्षी ती बंदी उठवली. त्याहून रंजक धागा अमेरिकेचा आहे. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले, तेव्हा अणुकराराच्या बरोबरीने आंब्याचीही बोलणी झाली, आणि २००७ मध्ये लासलगावच्या विकिरण केंद्रातून, म्हणजे मालावर किरणांचा मारा करणाऱ्या केंद्रातून, प्रक्रिया होऊन हापूस अमेरिकेला रवाना झाला. मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेले हे केंद्र. अणुऊर्जा, कांदा, हापूस आणि परराष्ट्र धोरण एका वाक्यात आणणारा असा विषय दुसऱ्या कोणाच्या नशिबी नसेल.

विदर्भात २०२५चा ऑगस्ट महिना घ्यावा. १९ तारखेपासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क हटवले आणि २७ तारखेपासून भारतीय मालावरचे अमेरिकेचे शुल्क एकूण ५० टक्क्यांवर गेले. या दोन तारखांमधले आठ दिवस उलगडून सांगायला चांगल्या वक्त्याला तासभर पुरणार नाही. सोयाबीनच्या पट्ट्यात इंडोनेशियाने २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये पामतेलाच्या निर्यातीवर घातलेली बंदी आहे. आणि बाजारभाव नको असतील तर इतिहास आहे: साताऱ्यातल्या औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले, हे औंधपासून तासाभरावर राहणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते.

वक्ता, आणि त्याच्या शेजारी बसणारा

वक्ते मिळत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा न शोधताच केलेली असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्राचा आहे, आणि राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक तर जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. मुंबईत गेटवे हाउस आणि पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर या संस्था याच क्षेत्रात काम करतात. त्यांच्या कार्यक्रमांच्या ध्वनिचित्रफिती पाहिल्या की कोण कसे बोलते याचा अंदाज येतो. निवृत्त राजदूत आणि सेनाधिकारी लहान गावात यायला पुष्कळदा आनंदाने तयार होतात, फक्त त्यांना तीन महिने आधी विचारावे लागते.

पण केवळ बाहेरचा तज्ज्ञ आणून भागत नाही. प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी एक स्थानिक माणूस बसवावा, ज्याने त्या विषयाचा एखादा तुकडा हाताने हाताळलेला आहे. तांबड्या समुद्रावरच्या व्याख्यानाला आम्ही एका प्राध्यापकांना बोलावले होते आणि त्यांच्याबरोबर व्यापारी जहाजावरून निवृत्त झालेले गावातलेच एक चीफ इंजिनिअर बसले होते. प्राध्यापकांनी चाळीस मिनिटे उत्तम मांडणी केली. त्यानंतर या गृहस्थांनी दहाच मिनिटांत सांगितले, की एडनच्या आखातात शिरण्याआधी कठड्याभोवती काटेरी तार कशी गुंडाळतात, पाण्याचे जाड पाइप बाहेरच्या दिशेला तोंड करून कसे बांधून ठेवतात, आणि धोक्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी आतल्या कोणत्या बंद खोलीत जमायचे हे आधी कसे ठरलेले असते. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सोमवारी बाजारात लोक बोलत होते ते या काटेरी तारेविषयी, आणि बोलता बोलता हुथींविषयी.

वक्त्याला फोनवर होकार मिळाला तरी पत्र पाठवावेच. त्यात विषयाचा प्रश्न, भाषणाची मिनिटे, प्रश्नोत्तरांची मिनिटे, श्रोते साधारण कोण असतील, मानधन किती, प्रवास आणि मुक्कामाची सोय कोण करणार, आणि भाषण मराठीत हवे, हे सर्व स्पष्ट लिहावे. मानधनाविषयी संकोचाने गप्प राहणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. नंतर पाकिटावरून दोन्हीकडे जे मनात राहते त्यापेक्षा आधीच आकडा लिहिलेला बरा.

भाषेचा मुद्दा लहान नाही. या विषयाचे बहुतेक अभ्यासक इंग्रजीत वाचतात आणि इंग्रजीतच विचार करतात, त्यामुळे मराठीत बोलताना त्यांची क्रियापदे तेवढी मराठी उरतात. आम्ही वक्त्याला आधीच दहा-बारा शब्दांचा कागद पाठवतो आणि तोच पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापतो: निर्बंध, नकाराधिकार, आयातशुल्क, बहुपक्षीय करार, अलिप्तता, युद्धविराम, वाणिज्यदूत, प्रत्यार्पण. प्रत्येकापुढे एका ओळीचा अर्थ. उदाहरणार्थ नकाराधिकारापुढे एवढेच, की सुरक्षा परिषदेच्या पंधरा सदस्यांपैकी पाच कायम सदस्यांतल्या एकानेही विरोधी मत दिले तर महत्त्वाचा ठराव पडतो. ‘सँक्शन’ हा शब्द मात्र मराठीत मंजुरीच्या अर्थाने रुळलेला असल्यामुळे व्याख्यानात तो कटाक्षाने टाळायला सांगावा. एकदा इराणवर ‘सँक्शन’ आल्याचे ऐकून मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी कर्ज मंजूर झाले असाच अर्थ घेतला होता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

परदेशी नागरिकाला व्याख्यानाला बोलवायचे असेल तर त्याचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे हे आधी विचारून घ्यावे. पर्यटनासाठी आलेल्या माणसाला परस्पर व्यासपीठावर बसवू नये. तसेच, परदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी स्रोताकडून पैसे घेता येत नाहीत, मग कारण कितीही निरुपद्रवी असो. अशा वेळी संस्थेच्या हिशेबतपासनीसाला विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

दिवस, वेळ आणि जागा

आठवडी बाजार, दाट लग्नतिथी, बारावीची परीक्षा आणि भारताचा क्रिकेट सामना टाळावा. शेतीच्या गावात पेरणी आणि काढणीचे दिवस सोडावेत. बंद सभागृह केव्हाही उत्तम. मैदानात किंवा पटांगणात ठेवायचे तर पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी, कारण परराष्ट्र धोरणावरचे भाषण आणि प्रचाराचे भाषण यांतली सीमारेषा त्या दिवसांत फार पुसट होते.

नकाशा

या विषयावरच्या व्याख्यानाला नकाशा हवाच. श्रोत्यांपैकी निम्म्यांना होर्मुझची सामुद्रधुनी आणि सुएझ कालवा यांतले अंतर ठाऊक नसते, आणि ते ठाऊक झाल्यावाचून पुढचे सगळे हवेत राहते. पण कार्यक्रम उधळायचा तर तोही नकाशाच उधळतो.

एका वर्षी वक्त्यांनी पेनड्राइव्हवर चित्रे आणली होती. ती त्यांनी कोणत्या तरी परदेशी नियतकालिकातून घेतली होती, आणि आम्ही ती आधी पाहिली नव्हती. चौथ्या चित्रात आशियाचा नकाशा आला आणि त्यात जम्मू-काश्मीरचा वरचा भाग तुटक रेषांनी वेगळा दाखवलेला. वक्त्यांचा मुद्दा ऊर्जावाहिन्यांचा होता, काश्मीरचा नव्हता. तिसऱ्या रांगेतून एक निवृत्त सुभेदार उठले, ‘हा नकाशा काढा’ म्हणाले, आणि त्यांच्या मागे आणखी आठ-दहा जण उठले. वक्ते समजावू लागले तसा आवाज चढत गेला. शेवटी आमच्या अध्यक्षांनी प्रोजेक्टरची वायर ओढली. यात वीस मिनिटे गेली, आणि ऊर्जावाहिन्या कायमच्या राहिल्या. दोष वक्त्यांपेक्षा आमचाच अधिक होता.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. चित्रे दोन दिवस आधी मागवतो आणि एक-एक करून पाहतो. भारत दिसणारा कोणताही नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळतो की नाही हे तपासतो. १९६१ च्या कायद्यानुसार न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा असलेला गुन्हा आहे, त्यामुळे पत्रिकेवर आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीवर तर ही काळजी दुप्पट घ्यावी. आणि जगाचा एक मोठा कापडी नकाशा भिंतीवर टांगून ठेवतो, म्हणजे वीज गेली तरी काठीने दाखवता येते. आमच्याकडे वीज जातेच.

सीमावादावर व्याख्यान असेल तर वक्त्याला दोन रेषांतला फरक सुरुवातीलाच सांगायची विनंती करावी. पाकिस्तानच्या बाजूची नियंत्रण रेषा ही १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही बाजूंनी नकाशावर आखून घेतलेली आहे. चीनच्या बाजूची प्रत्यक्ष ताबारेषा दोन्ही देशांनी मिळून अशी कधी आखलेलीच नाही, आणि तिथल्या बहुतेक चकमकींचे मूळ ‘कोणाची समज कुठपर्यंत’ यातच आहे. हा एक खुलासा आधी झाला तर प्रश्नोत्तरांतला निम्मा गोंधळ वाचतो.

दीड तासाचा हिशेब

सहा वाजता म्हणून पत्रिकेत छापलेला कार्यक्रम सव्वासहाला सुरू करावा आणि पावणेआठला संपवावा. प्रास्ताविक व परिचय मिळून सात मिनिटे, भाषण चाळीस, स्थानिक वक्त्याची दहा, प्रश्नोत्तरे तीस, आभार तीन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, व्यासपीठावरच्या नऊ जणांना पुष्पगुच्छ आणि ‘दोन शब्द’ बोलणारे देणगीदार यांना या हिशेबात जागा नाही. देणगीदार रुसतात. त्यांना पहिल्या रांगेत बसवून त्यांचे नाव प्रास्ताविकात घ्यावे, आणि शक्य तर पहिला प्रश्न विचारायची विनंती करावी; ध्वनिक्षेपक हातात आल्याचे समाधान त्यातही मिळते. अध्यक्षीय समारोप ठेवायचाच असेल तर अध्यक्षांना घड्याळ दिसेल असे बसवावे.

प्रश्नोत्तरे

कार्यक्रमाचा खरा भाग हा आहे, आणि आयोजकाचे कौशल्य इथेच लागते. आपल्या सभांत प्रश्न विचारायला उभा राहिलेला माणूस बहुधा भाषण करतो. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे चिठ्ठ्या. दारातच प्रत्येकाच्या हाती कोरा कागद आणि दहा जणांत एक पेन द्यावे. भाषण संपण्याच्या सुमारास दोन विद्यार्थ्यांनी चिठ्ठ्या गोळा कराव्यात आणि सूत्रसंचालकाने त्या गटवार लावाव्यात. सारखे प्रश्न एकत्र, अपमानकारक बाजूला. नाव लिहायची सक्ती नसावी. चिठ्ठ्यांमुळे स्त्रियांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न एकदम वाढले, हा आमचा अनुभव आहे. शेवटची दहा मिनिटे उभे राहून विचारायला मोकळी ठेवावीत, पण प्रत्येकाला एकच मिनिट, आणि ध्वनिक्षेपक स्वयंसेवकाच्या हातात. तो श्रोत्याच्या हाती एकदा गेला की परत येत नाही.

परदेशातल्या संघर्षाच्या आडून गावातल्या एखाद्या समाजावर बोलण्याचा मोह काहींना होतो. सूत्रसंचालकाने अशा वेळी वाद घालू नये. ‘प्रश्न त्या देशाविषयी आहे, तो पुन्हा त्या शब्दांत विचारा’ एवढे शांतपणे म्हणावे, आणि तरीही तेच चालले तर पुढची चिठ्ठी वाचावी. ज्या युद्धावर आपण बोलत आहोत तिथे किंवा त्याच्या शेजारच्या देशात सभागृहातल्या कोणाचा मुलगा नोकरीला असू शकतो, हे प्रास्ताविकातच सांगून ठेवले की भाषा आपोआप सौम्य होते. आमच्या तालुक्यातून आखाती देशांत गेलेली मुले नाहीत अशी गल्ली सापडणे कठीण आहे.

ध्वनिचित्रमुद्रणाचे आधी ठरवावे. तासाभराच्या भाषणातले तीस सेकंद कापून फिरवले जातात आणि वक्त्याला ते महिनोन्‌महिने निस्तरावे लागते. जाहीर व्याख्यानाचे पूर्ण मुद्रण संस्थेनेच करावे आणि वक्त्याची संमती घेऊन पूर्णच प्रसिद्ध करावे. निवृत्त अधिकाऱ्यांशी वीस-पंचवीस जणांची अनौपचारिक बैठक ठेवायची असेल तर लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेत १९२७ मध्ये ठरलेला नियम वापरावा: ऐकलेली माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी सांगितली, तो कोणत्या संस्थेचा होता आणि बैठकीला आणखी कोण होते हे सांगायचे नाही. लहान गावात हा नियम पाळला जाईल यावर माझा सुरुवातीला विश्वास नव्हता. तो बऱ्यापैकी पाळला गेला, आणि मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायला लावले होते याचा त्यात मोठा वाटा असावा.

व्याख्यानानंतरचा गट

दोनशे श्रोत्यांतून दहा-बारा जण असे निघतात ज्यांना पुढे वाचायचे असते. त्यांची महिन्यातून एकदा वाचनालयातच बैठक ठेवावी. तिथे व्याख्यान नको, एक कागद समोर असावा. सर्वांत चांगला चाललेला प्रयोग असा: दोन देशांच्या नेत्यांची किंवा परराष्ट्रमंत्र्यांची भेट झाली की दोन्ही परराष्ट्र मंत्रालये आपापले निवेदन संकेतस्थळावर टाकतात. ती दोन्ही छापून आणावीत, पेन्सिलीने सारखी वाक्ये खोडावीत आणि जे एका कागदावर आहे पण दुसऱ्यावर नाही ते फळ्यावर लिहावे. भारत-चीन भेटींच्या निवेदनांवर हे केले तर सीमेचा उल्लेख किती ओळींत आणि कितव्या परिच्छेदात आला एवढ्यावरच तासभर चर्चा होते. बातम्या रोज पाहणाऱ्या माणसालाही हे कागद पहिल्यांदा हाती आले की नवल वाटते. दिल्लीच्या सप्रू हाउसमधल्या भारतीय विश्वकार्य परिषदेची (इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स) स्थापना १९४३ची. तिची प्रकाशने आणि कार्यक्रमांची मुद्रणे संकेतस्थळावर पाहता येतात, आणि गटाच्या वाचनासाठी ती उपयोगी पडतात. इंग्रजी न येणाऱ्या सभासदांसाठी गटातल्या एका शिक्षकाने दोन पानांचे मराठी टिपण करावे. हे काम दर महिन्याला वेगळ्याकडे द्यावे, नाहीतर करणारा तिसऱ्या महिन्याला यायचे बंद करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

खुर्च्या परत करणे, सभागृहाची किल्ली देणे आणि वक्त्यांना आभाराचे पत्र टाकणे ही कामे त्याच दिवशी उरकावीत. मग चिठ्ठ्यांचा खोका घेऊन दोघांनी बसावे. वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्यांवर तारीख घालून त्या पाकिटात ठेवाव्यात. कार्यकारिणीत पुढच्या वर्षीचा विषय निघतो तेव्हा आम्ही प्रथम ते पाकीट उघडतो. मागच्या खेपेला त्यात वहीच्या पानाच्या तुकड्यावर, शाळकरी अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी होती: ‘युद्ध तिकडे लागले तर बाबांच्या जहाजाला वळून परत येता येते का, की माल पोचवावाच लागतो?’ यंदाच्या पत्रिकेवर विषय म्हणून तेच वाक्य छापायला दिले आहे, आणि चीफ इंजिनिअरसाहेबांनी पुन्हा यायचे कबूल केले आहे. सागरी कायदा जाणणाऱ्या वक्त्याचा शोध अजून चालू आहे.